टॉम-जेरीची पळापळ: हाताने काढलेल्या जुन्या कार्टूनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजर उंदराच्या मागे धावतं, मार खातं आणि पुन्हा धावतं. एवढ्या एका ओळीच्या गोष्टीवर लोक ऐंशीहून जास्त वर्षं हसतायत. त्याबद्दल पालक, कार्टूनवेडे आणि ‘आमच्या वेळची कार्टूनं’ म्हणून उसासे टाकणारे जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. भर टॉम-जेरीवर आहे, पण वाटेत रोडरनरही भेटेल.

टॉम-जेरी नव्वदच्या दशकातलं ना?

आपल्याकडे घराघरात तेव्हा पोचलं, म्हणून तसं वाटतं. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली सुरू झालं. सुरुवातीला रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. टीव्ही लावायला उशीर झाला की टॉमच्या जागी हॅट घातलेला कुणीतरी गंभीर माणूस बोलताना दिसायचा आणि पोरं हिरमुसायची.

मूळ कार्टूनं मात्र आपल्या स्वातंत्र्याच्याही आधीपासूनची. पहिलं, ‘पस गेट्स द बूट’, १० फेब्रुवारी १९४० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालं. त्यात मांजराचं नाव जॅस्पर आहे आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. जोडी चालणार असं दिसल्यावर एमजीएम स्टुडिओने आपल्याच माणसांत नावांची स्पर्धा लावली. जॉन कार या अ‍ॅनिमेटरने टॉम आणि जेरी ही नावं सुचवली आणि ५० डॉलर खिशात घातले.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडगोळीने १९४० ते १९५८ या काळात एमजीएमसाठी असे ११४ लघुपट केले आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. हे सगळं थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला बनत होतं, त्यामुळे समोर लहानमोठे सगळेच असायचे. ‘पोरांची कार्टूनं’ हा शिक्का टीव्हीने नंतर मारला. जाता जाता, मुंबईत धोबी तलावाजवळचं मेट्रो थिएटर १९३८ साली याच एमजीएमने उभारलं.

दर वेळी तीच गोष्ट. तरी कंटाळा का येत नाही?

कारण गोष्ट तीच असली तरी अडचण दर वेळी नवी असते. पहिल्याच कार्टूनमधला प्रसंग घ्या. घरच्या बाईने मांजराला दम दिलाय की आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर. उंदीर हे ऐकतो. पुढच्या वेळी मांजर झडप घालायला येतं तेव्हा तो पळत नाही. टेबलाच्या कडेला उभा राहतो, काचेचा पेला उचलतो आणि कडेबाहेर धरतो. मांजर जागच्या जागी थिजतं.

आता इथे कुणी कुणाला मारलेलं नाही, काही फुटलेलंही नाही, तरी आपण हसायला लागलेलो असतो. एका पेल्याने ताकदीचं सगळं गणित उलटं केलंय. मग मांजरही डोकं चालवतं आणि जमिनीवर उशा-गाद्या अंथरून ठेवतं. टाका आता काय टाकायचं ते! की उंदराला पुढचा डाव शोधावा लागतो.

चांगल्या पाठलाग-कार्टूनचा कणा हाच. नियम दोन-तीनच असतात, पण ते प्रेक्षकाला आधीच सांगितलेले असतात, आणि मग त्या नियमांतून जितक्या वाटा निघतील तितक्या काढल्या जातात. वाईट नकलांमध्ये नेमकं हेच नसतं. तिथे कुणीही कुणालाही कधीही हाणतं.

मग हसू मार बसण्याचं नाही?

फार थोडं. हसू त्याच्या आधीच्या क्षणाचं असतं. मार बसणार हे आपल्याला कळलंय, टॉमलाही कळलंय, आणि तो अजून बसलेला नाही, एवढ्या फटीत सगळी गंमत आहे. तिहाई सुरू झाली की ऐकणारा समेची वाट बघतो, तसंच हे. सम कुठे आहे हे माहीत असतं म्हणूनच ती गाठण्यात मजा येते.

ही फट किती असावी, याचा हिशेब ही मंडळी फ्रेममध्ये करत. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. वॉर्नर ब्रदर्सचा दिग्दर्शक चक जोन्स याचा, रोडरनरच्या मागे धावणारा कायोटी कड्यावरून कोसळतो ते आठवा. वरून दिसणारा कायोटी लहान लहान होत दरीत दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, आणि त्यानंतर खाली धुळीचा लोट उठेपर्यंत १४ फ्रेम, असं जोन्सचं माप होतं. म्हणजे पाऊण सेकंद पडणं, आणि मग अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ काढून टाका, विनोद मेला. दुप्पट करा, तरी मेला.

त्याआधीची एक पायरी तर सगळ्यांच्या पाठ आहे. कायोटी कड्यापलीकडे हवेत उभा असतो, खाली बघत नाही तोवर पडत नाही. बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि मगच जातो. ही आपल्याकडे टाकलेली नजर मला सगळ्या स्फोटांपेक्षा मोलाची वाटते.

हाताने काढायचं म्हणजे एका कार्टूनला किती चित्रं लागत?

साधा गुणाकार करा. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, गुणिले २४, म्हणजे १०,०८० फ्रेम. बहुतेक हालचालींत एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचे, त्यामुळे चित्रं निम्म्यावर येत. पण टॉम आणि जेरी वेगवेगळ्या थरांवर काढले की आकडा पुन्हा चढतो. धडाक्याच्या पळापळीत तर प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागायचं.

कामाची वाटणी ठरलेली होती. बार्बेरा गोष्ट रचायचा आणि भराभर रेखाटनं काढायचा. त्याचा हात विलक्षण होता. हॅना ती गोष्ट वेळेत बसवायचा: कुठली हालचाल किती फ्रेम, कुठे थांबा, कुठे झटका. मग केन म्यूस, अर्व्ह स्पेन्स, एड बार्ज, रे पॅटरसन यांसारखे अ‍ॅनिमेटर महत्त्वाच्या स्थिती काढत आणि मधली चित्रं सहायक भरत. ओळखीचा डोळा झाला की कुठला तुकडा कुणाच्या हातचा हेही सांगता येतं. टॉम अतोनात वेडावाकडा, सगळ्या अंगाने धावत असेल तर बहुधा तो स्पेन्सचा.

पेन्सिलीची चित्रं पास झाली की ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवायची आणि मागच्या बाजूने रंग भरायचा. एका रेघेची जाडी हलली तर पडद्यावर ती थरथरताना दिसते, म्हणजे हे काम किती नजरेचं असेल! अमेरिकी स्टुडिओंच्या या शाई-रंग विभागांत प्रामुख्याने बायका असत, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं शोधून सापडत नाहीत. ‘हॅना-बार्बेराची कार्टूनं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

मध्येच थांबवलं तर चित्र भलतंच विचित्र का दिसतं?

थांबवायचंच नसतं ते! पण थांबवलंत तर बघण्यासारखं असतं खरं. वेगाने जाणारी वस्तू नीटनेटकी काढली तर डोळ्याला ती तुटक उड्या मारल्यासारखी भासते. म्हणून ती एका चित्रापुरती लांबवतात, पसरवतात, कधी एकाच टॉमला तीन डोकी आणि सहा हात देतात. सेकंदाच्या चोविसाव्या भागात ते डोळ्याला कळत नाही, नुसता वेग जाणवतो. चक जोन्सने १९४२ च्या ‘द डोव्हर बॉईज’मध्ये असले फराटे मनसोक्त वापरले.

दुसरी युक्ती दाबण्या-ताणण्याची. जमिनीवर आदळला की पोळीसारखा चपटा, उसळला की लांबुळका, पण अंगाचा ऐवज तेवढाच राहिला पाहिजे. चपटा झालेला टॉम रुंदही झाला नाही, तर तो टॉम लहान झाला असं वाटतं, आपटला असं वाटत नाही.

संगीतात एवढं काय विशेष आहे?

एकदा आवाज बंद करून बघा आणि मग चित्राकडे पाठ करून नुसतं ऐका. दुसऱ्या प्रयोगात गोष्ट बरीचशी कळते, यातच उत्तर आलं.

संगीतकार स्कॉट ब्रॅडली. त्याच्याकडे वीसेक वादकांचा ताफा असे. टॉम चवड्यांवर चालला की प्रत्येक पावलाला एक सूर, जिन्यावरून गडगडला की सुरावटही गडगडत खाली. त्यात तो लोकप्रिय गाणी, जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत बेमालूम मिसळायचा. श्योनबर्ग या संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत मैफिलीत ऐकताना भलेभले जांभया देत. ब्रॅडलीने ती उंदराच्या पळण्याला लावली आणि कुणाला काही खटकलं नाही.

‘द कॅट कॉन्सर्टो’ (१९४७) हा या सगळ्याचा कळस. कोट घातलेला टॉम पियानोवर लिस्ट या संगीतकाराची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही रचना वाजवतोय आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला. संपूर्ण कार्टून एकाच रचनेवर चालतं. मारामारी करायची तीही तालात, कारण मैफील थांबवायची सोय नाही. जेरी बोटांखाली उंदराचा सापळा सरकवतो, टॉम हात वाचवत सूर गाठत राहतो, आणि त्याची बोटं बऱ्याच ठिकाणी खऱ्या वादकाच्या बोटांसारखी पट्ट्यांवर पडतात. शेवटी टाळ्या घेतो जेरी. गंमत म्हणजे १९४६ मध्येच वॉर्नर ब्रदर्सने याच ऱ्हॅप्सडीवर आपल्या बग्ज बनी या सशाला पियानोशी बसवलं होतं. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला.

आणि टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी? ती खुद्द विल्यम हॅनाची.

ते बोलत का नाहीत?

अगदीच बोलत नाहीत असं नाही, अधूनमधून एखादं वाक्य येतं. पण बोलायची गरज पडू नये अशीच रचना असते. हे मूकपटांकडून आलंय. चॅप्लिन, कीटन आणि मॅक सेनेटच्या धावपळीच्या विनोदपटांवर ही पिढी वाढली होती. आपल्या फायद्याचा भाग असा की अमरावतीच्या चार वर्षांच्या पोराला आणि अमेरिकेतल्या आजोबांना ते सारखंच कळतं.

रोडरनर खरा पक्षी आहे का?

आहे, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागात आणि मेक्सिकोत. कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा लांबचा नातेवाईक. भारद्वाज जमिनीवरून तुरुतुरु जातो तो एकदा बघा, नातं पटेल. फक्त खऱ्या आयुष्यात कायोटी त्याच्याहून कितीतरी वेगाने धावतो. कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या जातकुळीतलं तिकडचं जनावर. त्याला रॉकेटं मागवायची काही गरज नव्हती.

जोन्स आणि लेखक मायकेल माल्टीझ यांनी ही जोडी १९४९ साली आणली. ‘बीप बीप’ हा आवाज पॉल ज्युलियन या पार्श्वचित्रं रंगवणाऱ्या चित्रकाराचा. आणि इथला पेच टॉम-जेरीहून वेगळा आहे: रोडरनर कायोटीला जवळजवळ काहीच करत नाही. कायोटीला बुडवतात ते त्याने मागवलेला, अ‍ॅक्मी या काल्पनिक कंपनीचा माल आणि त्याचा स्वतःचा हट्ट. म्हणून मोठेपणी बघताना आपण हळूच पक्ष बदलतो. नोकरी लागल्यावर कायोटीच्या बाजूने न झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

मुलांना दाखवावं का? फार मारामारी आहे.

आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. कुऱ्हाडी, इस्त्र्या, डायनामाइट. पण रक्त नाही, आणि पुढच्या दृश्यात टॉम धडधाकट. या जगात काहीही कायमचं होत नाही, हे जरा मोठ्या मुलांना चटकन उमजतं. अगदी लहान, नक्कल करण्याच्या वयाची पोरं असतील तर शेजारी बसून बघावं, आणि इस्त्रीचा सीन आला की घरातली इस्त्री कुठे आहे ते आठवावं.

मारामारी काढून बघण्याचा प्रयोग झालाय. १९७५ च्या टीव्ही मालिकेत, तेव्हाच्या टीव्हीच्या बंधनांमुळे, टॉम आणि जेरी दोस्त केले आणि जेरीच्या गळ्यात लाल बो बांधला. दोघं मिळून गावोगाव हिंडतात. बघवत नाही.

जिचे फक्त पाय दिसतात ती बाई नंतर गायब का झाली?

ती घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा, आणि तो आवाज खणखणीत आहे. पण जाडजूड, झाडू घेऊन ओरडणारी काळी मोलकरीण हा त्या काळच्या अमेरिकी पडद्याचा ठरीव साचा होता. त्यावर टीका झाली आणि १९५२ नंतर ती दिसेनाशी झाली. पुढे टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी दुसरीच बाई रंगवली, काहींत आवाज बदलला. याशिवाय स्फोट झाल्यावर चेहरा काळा पडून ओठ जाड होण्याचे विनोदही आहेत. ते आज बघताना घास अडकतो. अलीकडे, या कार्टूनांचे हक्क आता ज्यांच्याकडे आहेत त्या वॉर्नरने जुने भाग मूळ रूपात देताना सुरुवातीला सूचना जोडली की हे चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे. कापून टाकण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

शेवटच्या भागात दोघं रुळांवर बसून जीव देतात, हे खरं का?

असा भाग आहे, पण तो शेवटचा नाही. ‘ब्लू कॅट ब्लूज’ (१९५६) मध्ये प्रेमभंग झालेला टॉम रुळांवर बसतो, मग जेरीही, आणि गाडीची शिटी ऐकू येते. त्यानंतरही कार्टूनं आली. हॅना-बार्बेराचं एमजीएममधलं शेवटचं ‘टॉट वॉचर्स’ (१९५८). त्यात एक रांगतं बाळ पुन्हा पुन्हा निसटतं आणि दोघं त्याच्या मागे धावतात. रुळांवरच्या शेवटाचे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना हा शेवट पुरेसा दुःखी वाटत नसावा.

नंतरच्या कार्टूनांत ती मजा का नाही?

पैसा. एमजीएमच्या लक्षात आलं की जुनी कार्टूनं पुन्हा लावली तरी जवळपास नव्याइतकंच उत्पन्न मिळतं, मग नवी करायची कशाला? १९५७ मध्ये विभागाला टाळं लागलं. हॅना-बार्बेराने स्वतःची कंपनी काढून टीव्ही गाठला, पण तिथे मिळणारा पैसा थिएटरच्या कार्टूनच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. मग चित्रं वाचवायला लागली. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का, माहितीय? कॉलरच्या रेघेवर डोकं वेगळं करता येतं. धड तसंच ठेवायचं आणि फक्त तोंड हलवायचं. विनोद चित्रातून निघून संवादात गेला तो इथे.

टॉम-जेरी पुढे दोन हातांतून गेले. जीन डाइचने १९६१-६२ मध्ये प्रागमध्ये, तुटपुंज्या खर्चात १३ कार्टूनं केली. आवाज घुमणारे, हालचाली झटकेदार, वातावरण काहीसं भुताटकीचं. त्यांना शिव्या देण्याची फॅशन आहे, पण त्यांच्या चमत्कारिकपणाला एक स्वतःची चव आहे. मग चक जोन्सने १९६३ ते १९६७ मध्ये ३४ केली. दिसायला देखणी, पण त्याचा जीव कायोटीतच अडकलेला होता.

जुने भाग इतके मळकट का दिसतात?

१९७८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधल्या आगीत एमजीएमच्या बऱ्याच जुन्या कार्टूनांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. त्या भागांचं आज बघतो ते नंतरच्या प्रतींवरून तयार केलेलं.

नेहमी जेरीच जिंकतो का?

बहुतेक वेळा. पण जेरीने विनाकारण खोडी काढली असेल तर तो हरू शकतो, असा एक अलिखित न्याय या कार्टूनांत दिसतो. त्यासाठी ‘द मिलियन डॉलर कॅट’ (१९४४) बघा. टॉमला दहा लाख डॉलरचा वारसा मिळतो, अट एवढीच की कुठल्याही जिवाला इजा करायची नाही, उंदरालासुद्धा नाही. जेरीला हे कळतं आणि तो टॉमच्या नव्या श्रीमंतीत मनमुराद धुमाकूळ घालतो. टॉम सोसतो, सोसतो, सोसतो. शेवटी मृत्युपत्राचा कागद फाडतो आणि जेरीला यथेच्छ बडवून काढतो. मग क्षणभर थांबून आपल्याला सांगतो की दहा लाखांवर पाणी सोडतोय, पण खूश आहे, आणि पुन्हा बडवायला लागतो.